माय संदर्भ नसते

दिगंबरभाऊ, ज्ञानकोशवाल्यांना तुमच्या मरणाचा पुरावा पाहिजे.

हसू नका, खरं सांगून राह्यले. तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले आणि तिकडे इंटरनेटवर तुमच्या नावाच्या पानावर अजून सूचना पडतात. आपण लिहिलेल्या अमुक लेखात संदर्भ नाही, सात दिवसांत उत्तर द्यावे. आपण चढवलेल्या छायाचित्राबद्दल खुलासा करावा. सात दिवस होतात, तुमचं उत्तर जात नाही, मग पुन्हा नवी सूचना. पहिली पाहिली तेव्हा मी संगणक बंद केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभी राह्यले. दुसरी पाहिली तेव्हा राग आला. तिसरी आली तेव्हा मी लिहूनच टाकलं की हा सदस्य वारला आहे, त्याला आता काही विचारू नका, आणि त्याच्या पानावर तशी नोंद करा.

दहा मिनिटांत उत्तर आलं. तिथला कोणी प्रचालक आहे, म्हणजे कारभारी म्हणा. नाव-गाव माहीत नाही, पण सभ्य माणूस दिसतो. 'ऐकून वाईट वाटले. नोंद करण्यासाठी कृपया विश्वसनीय संदर्भ द्यावा. वृत्तपत्रातील बातमीही चालेल.'

कोणत्या पेपरात तुमची बातमी येणार होती, भाऊ? वाडीतल्या गुरवाची, दोन एकरवाल्या माणसाची? मी लिहिलं, मला स्वतःला माहीत आहे, मी यांच्यासोबत सहा वर्षं काम केलं. तो म्हणाला, वैयक्तिक माहिती संदर्भ म्हणून धरता येत नाही. आणि मला गप्पच बसावं लागलं, कारण हे वाक्य मीच तुम्हाला सहा वर्षं ऐकवत आले. शब्दाला शब्द हेच.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आले तेही भांडायलाच आले होते. पेपर वाचत बसलेल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. घरातल्या कोणी तरी तुम्हाला मोबाइलवर ज्ञानकोशातला एक लेख दाखवला होता, आणि त्यात लिहिलं होतं की महादेवाच्या देवळात भाविक पिंडीभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालतात. तुम्ही तो मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे कोणं लिवलं? जसं काही मीच लिहिलं. गोमुखातून अभिषेकाचं पाणी जाते, ते कोणी ओलांडते का, तिथपर्यंत जाचं आन् आलं त्या वाटेनं मांगं फिराचं, आमच्या सात पिढ्या इथी बेल वाहून गेल्या आन् हा कोण शहाणा. मी म्हटलं, हा कोणीच नाही. इथे कोणीही लिहू शकतं. फुकट, आपल्या मर्जीनं.

तुम्ही मोबाइल उचलून परत खिशात घातला.

"मंग मीबी?"

मी म्हटलं, तुम्हीबी.

त्या दिवशी एका बोटानं पाऊण तास लावून तुम्ही दोन ओळी लिहिल्या. मग आपल्या हातानं बदललेलं पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत बसले. पाचव्यांदा उघडलं तर जुनंच वाक्य परत येऊन बसलेलं, आणि शेजारी शेरा, संदर्भाशिवाय मजकूर, उलटवला. भर पंगतीतून कोणी हात धरून उठवावं तसा तुमचा चेहरा झाला. मला तुमची कीव आली, आणि थोडं हसूही आलं. मी कपाटातून पूजाविधीचा एक जुना ग्रंथ काढला, सोमसूत्री प्रदक्षिणेचं पान शोधलं, पान क्रमांक टाकून तुमचंच वाक्य पुन्हा लिहिलं. ते अजून तिथे आहे. तुम्हाला मात्र आनंद झाला नाही. तुम्ही म्हणाले, मी सांगतलं तं खोटं, आन् पुस्तकानं सांगतलं तं खरं. मी म्हटलं, तसंच आहे इथे.

"आन् पुस्तकवाल्याले कोणं सांगतलं?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. पुढेही दिलं नाही. सहा वर्षं आपण त्याच एका वाक्याभोवती फिरत राह्यलो.

आपली कामाची पद्धत कोणाला सांगितली तर खोटी वाटेल. मी एकटी बाई, वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहते. तुम्ही बायका-पोरांचे. महिन्याभरातच कोणी तरी ओट्यावर बसून बोललं की गुरवाचं आजकाल वाचन फार वाढलं. ते माझ्या कानावर आलं, तुमच्याही आलं असेल. आपण एकमेकांशी त्यावर एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आत आलेच नाही. बाहेर खिडकीखाली बाकडं ओढलं, तिथे बसले, आणि गजांतून म्हणाले, लिवा ताई. तेव्हापासून तसंच. मी आत संगणकावर, तुम्ही बाहेर बाकड्यावर, आणि मध्ये गज. किन्हीराजाच्या बाजाराला जाणारं माणूस थांबून ऐकायचं. पेपर वाचणारे मधूनच आपलं घालायचे. महालक्ष्म्यांच्या लेखात सोळा भाज्या कोणत्या यावर चार घरांतून सात याद्या आल्या होत्या, आठवते? तुमच्या वाडीचे दोन म्हातारे अंबाडीच्या भाजीवरून आठवडाभर बोलत नव्हते. तुम्ही खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, ताई, ज्ञानकोशानं गावात भांडणं लावली.

मला माहीत होतं ते फक्त पुस्तकातलं, हे तुम्ही पहिल्या महिन्यातच ओळखलं. बेलाचा लेख लिहीत होतो. मी त्रिदल, औषधी गुण, पुराणातले उल्लेख, सगळं कसं टाकटूक लिहून काढलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलं. मग विचारलं, ताई, तुमी बेलाचं झाड पाह्यलं का कधी? मी म्हटलं, चित्रात पाहिलं, देवळात पानं पाहिली. तुम्ही मला बाहेर बोलावलं आणि वाचनालयाच्या मागच्या झाडाकडे बोट दाखवलं. मी चार वर्षं त्या झाडाखाली चपला काढत होते. तुम्ही हसले नाही, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. फक्त एवढं म्हणाले की आता लिहिलेलं पुन्हा वाचा, कुठे काटे राह्यले ते पाहा. खरंच राह्यले होते. बेलाला काटे असतात हे मी लिहिलंच नव्हतं.

आणि ते 'अशी भाविकांची श्रद्धा आहे'! या चार शब्दांवरून तुम्ही माझा जीव खाल्ला. तुम्ही सांगायचे, अमुक देवी नवसाला पावते. मी लिहायचे, अमुक देवी नवसाला पावते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तुम्ही गजाला धरून उभे राहायचे. म्हणायचे, पावते तं पावते, हे शेपूट कायले? मी समजवायची की ज्ञानकोश कोणाच्या बाजूनं बोलत नाही, तो दुरून पाहतो. "मी जवळून पाह्यलं, तं दुरून कायले सांगू?" मी म्हणायचे, भाऊ, नियम आहे. नियम म्हटलं की तुम्ही बाकड्यावर परत बसायचे आणि तंबाखू काढायचे. एकदा चिडून तुम्ही म्हणाले, मी मेलो की लिवा, गुरव मेला अशी भाविकांची श्रद्धा आहे. मी किती हसले होते. आता तो प्रचालक श्रद्धेवरही मानायला तयार नाही, त्याला बातमीच पाहिजे.

पोहरादेवीच्या यात्रेला तुम्ही ज्ञानकोशासाठी फोटो काढायला म्हणून गेले आणि तीस फोटो घेऊन आले. तिसांपैकी अठ्ठावीसांत कोपऱ्यात तुमचा अंगठा. मी एकेक कापून नीट केला. एकात तो काही केल्या जाईना, बरोबर कळसाच्या बाजूला. फोटो इतका चांगला होता की तसाच चढवला. अजून कोणाच्या लक्षात आलं नाही. मागच्या आठवड्यात मी तो उघडून बसले होते, आणि वाचनालयात एक जण पुस्तक बदलायला आला तर त्याच्यावर विनाकारण खेकसले.

एक चांगला दिवस सांगते आणि मग भांडणावर येते. परदेशात राहणाऱ्या आपल्याच भागातल्या एका बाईनं आपल्या लेखाच्या चर्चापानावर लिहिलं होतं. तिची आई वारली, महालक्ष्म्या कशा मांडायच्या ते विचारायला कोणी उरलं नाही, तर तिनं आपला लेख समोर ठेवून मांडल्या. तुम्ही ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी सहा वर्षांत केलेल्या कामाचं मला पहिल्यांदा काही वाटलं. तुम्ही मात्र बाकड्यावरून उठता उठता म्हणाले, पाहा ताई, तिची माय असती तं तिनं कोणाचा लेख वाचला असता?

तुमच्या डोक्यात सीवमाय तेव्हापासूनच घोळत असेल.

तुमच्या वाडीच्या शिवेवर तिचा शेंदूर लावलेला दगड आहे. कोणत्या पुस्तकात ती नाही, कोणत्या पोथीत नाही. तुम्ही एक दिवस मला न सांगता, स्वतःच्या हातानं, एका बोटानं तिचा पूर्ण लेख लिहिला. आखाडातल्या पहिल्या मंगळवारी सगळी वाडी शिवेवर जाते, गुरव शेंदूर लावतो, घरोघरची बिनमिठाची भाकर दाखवतात, आणि परत फिरताना कोणीही मागे वळून पाहत नाही, कारण पाहिलं तर देवी कोपते. मी तो लेख पाहिला, सवयीनं शेवटी श्रद्धेचं शेपूट जोडलं, आणि वर पाटी लावली की संदर्भ हवा. तुम्ही विचारलं, कशाचा? मी म्हटलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं त्याचा. तुम्ही म्हणाले, मायनं.

मी हसले, आणि तो विषय तिथे राह्यला, असं मला वाटलं.

मग सहा महिन्यांनी तुम्ही स्मरणिका घेऊन आले. कुठल्याशा देवळाच्या जीर्णोद्धाराची, गुळगुळीत कागदाची. त्यात अर्धं पान सीवमायवर. लेखकाचं नाव नाही. तुम्ही गजांतून ती आत सरकवली आणि कधी नव्हे ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत उभे राह्यले. छापून आलं, ताई. आता टाका संदर्भ, पान चौदा. मला खरंच आनंद झाला, भाऊ, एक मिनिटभर. मी वाचायला लागले. शेवटची ओळ होती, 'पाहिल्यास देवी कोपते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.'

ती ओळ माझी होती. तुम्ही ज्ञानकोशातला आपलाच लेख उतरवून स्मरणिकेत छापून आणला, आणि आता तीच स्मरणिका ज्ञानकोशात पुरावा म्हणून लावायला निघाले. एवढं करून शेवटचं शेपूट कापायचं तुमच्या लक्षात आलं नाही. दुसरा कोणी असता तर मी पोट धरून हसले असते.

मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले. हे खोटं आहे म्हटलं. आपला लेख आपल्यालाच साक्षीदार कसा होईल म्हटलं. सहा वर्षं मी तुम्हाला हेच शिकवलं का, असंही म्हटलं. ते शिकवलं म्हटलेलं तुम्हाला लागलं, मला दिसलं. तुम्ही आवाज चढवला नाही.

"ताई, माही माय खोटी हाये का?"

मी म्हटलं, "माय संदर्भ नसते, भाऊ."

तुम्ही काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं? तुम्ही हो की नाही विचारलं होतं. मी नियम सांगितला.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या लेखावर वगळण्याची विनंती लावली. स्वतःच्या हातानं. सात दिवस चर्चा खुली होती, तुम्ही तिकडे एक अक्षर लिहिलं नाही. आठव्या दिवशी पान गेलं. आज खरं सांगून टाकते, मला राग नियमाचा नव्हताच. तुम्ही ती स्मरणिका माझ्या पाठीमागे केली याचा होता. सहा वर्षांत तुमचं पहिलं छापलेलं पान, आणि ते तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी सांगून उतरवून घेतलं. मला वाटलं होतं की तुमचं सांगणं ऐकायचा हक्क माझा एकटीचा आहे. बाईच्या जातीला असा राग शोभत नाही म्हणतात. मला आला, तर मी काय करू?

तुम्ही यायचं बंद केलं. बाकडं तसंच खिडकीखाली. मी रोज ठरवायची की उद्या निरोप धाडीन. बावीस दिवस धाडला नाही. तेविसाव्या दिवशी सकाळी एकानं पेपर मागितला आणि पान उलटता उलटता म्हणाला, वाडीचा गुरव गेला काल, वाशिमले नेऊन राह्यले होते, रस्त्यातच. मी त्याला पेपर दिला. रजिस्टरवर त्याची सही घेतली. मग पुस्तकांच्या कपाटामागे जाऊन उभी राह्यले, कारण मला बसायलाही सुचेना.

मी तुमच्या घरी आले नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. काय म्हणून येणार होते? नात्याची नाही, जातीची नाही, शेजारची नाही. शेवटचं भांडण केलेली बाई म्हणून? गावातलं कोणीही मेलं तर चार घरच्या बाया जाऊन बसतात, रडतात, चहा पिऊन येतात. मला त्यात कुठे बसायचं ते कळलं नाही. आठ दिवस माझ्याशी कोणी तुमच्याबद्दल एक शब्द बोललं नाही. कायले बोलतील? त्यांच्या हिशेबी माझं काही गेलंच नव्हतं.

त्या प्रचालकानं पुरावा मागितला म्हणून मला तुमच्या घरी यायला निमित्त सापडलं. बघा, नियमच कामी आला. पंचफुलावहिनी अंगणात सुपात डाळ पाखडत होत्या. सहा वर्षांत मी त्यांना दोनदा पाहिलं असेल, तेही यात्रेत, दुरून. मी उभ्या उभ्याच सांगितलं की असं असं आहे, मृत्यूच्या दाखल्याचा फोटो किंवा काही कागद मिळाला तर ते लोक पानावर नोंद करतील आणि मग भाऊंना कोणी काही विचारणार नाही.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "आन् नाई देल्ला तं?"

मी म्हटलं, मग ते विचारत राहतील.

"राहू द्या. इथं आता त्यायले कोणी काही इचारत नाई. तिथं तरी इचारून राह्यले."

भाऊ, मी तिथेच अंगणात बसले आणि सगळं बोलून टाकलं. स्मरणिका, भांडण, मी लावलेली विनंती, गेलेलं पान. वहिनी म्हणाल्या, माहीत हाये, दोन दिवस धड जेवले नाई. एवढंच. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं की असं काय लिवलं होतं त्यायनं. मला लेख पाठ होता, मी म्हणून दाखवला. शेंदूर, बिनमिठाची भाकर, मंगळवार. मागे वळून पाहिलं तर देवी कोपते, इथपर्यंत आले तर वहिनी हसल्या. तुम्ही गेल्यावर बहुतेक पहिल्यांदाच हसल्या असतील, कारण आतून तुमची सून बाहेर येऊन पाहून गेली.

"असं लिवलं? सीवमाय कायले कोपते? माय हाये ते."

आणि मग त्यांनी सांगितलं. डाळ पाखडता पाखडता, जसं काही सगळ्या जगाला माहीत आहे. वाडीत सालभरात ज्या बाईचं माणूस गेलं, नवरा असो, लेकरू असो, ती त्या मंगळवारी शिवेवर मागे राहते. बाकी सगळे परत फिरतात. घरी तिला रडता येत नाही. तेरा दिवस झाले की सासरचे म्हणतात, पुरे. लेकरांसमोर रडायचं नाही, पाहुण्यांसमोर रडायचं नाही, शेतात रडलं तर निंदण थांबते. म्हणून सालातून एक दिवस, सीवमायपाशी, तिच्या हक्काचा. ती मोठ्यानं रडते, वाटलं तर शिव्या देते, मेलेल्याला आणि देवीलाही. आणि सगळी वाडी पाठ करून चालत जाते.

"आपण फिरून पाह्यलं, तं तिले रडता येते का?"

मी विचारलं, मग देवी कोपते हे कुठून आलं? वहिनी म्हणाल्या, बापे माणसं आन् पोट्टे तसे ऐकतात का, म्हणून कोणा बाईनं देवीचं नाव सांगतलं असंन. मी विचारलं, तुम्ही भाऊंना हे कधी सांगितलं नाही?

"त्यायनं इचारलं कधी?"

दिगंबरभाऊ, सहा वर्षं आपण दोघं गजाच्या अल्याड-पल्याड बसून संदर्भावरून भांडलो. मी म्हणत होते पुस्तक दाखवा, तुम्ही म्हणत होते मायनं सांगितलं. आणि जिला माहीत होतं ती तुम्हाला रोज डबा बांधून देत होती. तो डबा तुम्ही माझ्या खिडकीखाली खायचे. मला एकदाही सुचलं नाही की वहिनींना विचारावं. तुम्हालाही नाही. मला कपाटातली सगळी पुस्तकं त्या क्षणी नकोशी झाली.

निघताना वहिनी म्हणाल्या, या सालचा मंगयवार माहा हाये. मग म्हणाल्या, तुमीबी या. दोघी बसू. काय म्हणून, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

काल मंगळवार होता. वाटेत चिखल, एका हातात चपला, एका हातात माझी भाकर. मीही भाजून नेली होती, मीठ न घालता, आणि कोणी हरकत घेतली नाही. तुमच्या जागी आता तुमच्या पुतण्यानं शेंदूर लावला. भाकरी दाखवल्या, आणि मग सगळे फिरले. तुमचा मुलगा, सून, अंबाडीवरून भांडलेले ते दोघं म्हातारे, सगळे. एकानंही वळून पाहिलं नाही. मी त्यांच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत पाहत होते.

वहिनींनी पदर डोक्यावरून काढला आणि हंबरडा फोडला. त्यांनी तुम्हाला काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. मला सुरुवातीला काहीच येईना. मला लोकांसमोर रडायची सवय नाही आणि एकटीनं रडून रडून ते कोरडं झालं होतं. मग वहिनींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, बोला ना, तुमीबी भांडल्या होत्या ना त्यायच्यासोबत. आणि मी बोलले, भाऊ. मोठ्यानं बोलले. बावीस दिवस आले नाही म्हणून बोलले, स्मरणिकेसाठी दुसऱ्याकडे गेले म्हणून बोलले, निरोपाची वाट न पाहता गेले म्हणून बोलले. मी तुमची कोण होते ते मला सहा वर्षांत ठरवता आलं नाही, आणि तिथे ते ठरवायची गरज पडली नाही. घसा बसला. आज पुस्तक बदलायला आलेल्यांशी मी खुणेनंच बोलून राह्यले.

सकाळी त्या प्रचालकाला कळवलं, पुरावा नाही, विनंती मागे घेते. त्यानं आभार मानले. तुमच्या पानावर आणखी एक सूचना आली आहे, सात दिवसांत उत्तर द्यावे. येऊ दे.

मग मी सीवमायचं पान उघडलं. तिथे आता काही नाही, फक्त विचारतात की हा लेख नाही, लिहायचा आहे का. मला आता तिच्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुस्तकात नाही ते माहीत आहे. पण लिहिलं तर खाली काय लावू? वहिनीनं सांगितलं, आणि मी स्वतः बसून रडले? दुसऱ्या कोणी असा लेख लिहिला असता तर तो काढायला पहिली मीच गेले असते. ते पान बंद करताना मला फारसं वाईट वाटलं नाही.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटून राह्यलं. तुम्ही मला विचारलं होतं, माही माय खोटी हाये का, आणि मी उत्तर टाळलं होतं. आता उत्तर आहे माझ्याजवळ. हो, भाऊ. तुमची माय खोटं बोलली. तुम्ही पोरगा होते, मागे वळून पाहिलं असतं, म्हणून तिनं तुम्हाला देवीचं भय घातलं. कदाचित त्या साली मागे राहिलेली बाई तीच असेल. तुम्ही जन्मभर तिचं ऐकलं, कधी वळून पाहिलं नाही, आणि लेख लिहिला तोही तसाच लिहिला. लेख चुकला होता तुमचा. मी तो काढला ते बरोबर होतं, पण का बरोबर होतं ते मला माहीत नव्हतं.

मघापासून मी हे खिडकीकडे तोंड करून दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं, बसक्या घशानं. सहा वर्षांत माझं एक साधं वाक्य तुम्ही कधी सरळ ऐकून घेतलं नाही. तुमच्या मायला मी खोटी म्हटलं, भाऊ. हे एवढं मुकाट कसं ऐकून घेतलं?